दुखण्याचा रकाना

जयमाला सिस्टरच्या हाताला यश आहे, असं मेहकरच्या त्या हॉस्पिटलात सगळेच म्हणत. ती वरवर नाक मुरडायची, पण मनातून तिला ते आवडायचं. का आवडू नये? सोळा वर्षं तिने माणसांच्या हातांत नसा शोधण्यात घालवली होती. दुसऱ्या वॉर्डातल्या सिस्टरांनी हात टेकले की पेशंट तिच्याकडे यायचा, आणि ती एकाच टोच्यात सुई लावून मोकळी व्हायची.

सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर तिचं टेबल होतं. स्कॅनच्या आधी पेशंटच्या नसेत सुई बसवून ठेवायची, एवढंच तिचं काम. मग आत गेल्यावर त्या सुईवाटे मशीन जोराने औषध सोडतं आणि फोटोत पोटातलं, छातीतलं सगळं उजळून दिसतं. औषध जोराने जातं म्हणून सुई जाडी लागते, आणि जाडी सुई पेलायला नस धड लागते. घोडं अडायचं ते इथेच. ज्यांचे स्कॅन पुन्हा पुन्हा काढावे लागतात, त्यांच्याच नसा आधीच्या औषधांनी करपलेल्या असतात.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात डॉक्टर शरच्चंद्रांच्या डोक्यात दोन सुयांची तुलना शिरली. ते स्कॅन वाचणारे डॉक्टर. बुलढाण्याच्या शिक्षकाच्या घरातले, बोलायला मऊ, पण जे कागदावर नाही ते घडलंच नाही असं मानणारे. बाजारात एक नवी सुई आली होती. दिसायला नेहमीच्या निळ्या सुईसारखी बारीक, पण तिच्या टोकाला कडेने तीन नाजूक भोकं. औषध चहूबाजूंनी बाहेर पडतं, त्यामुळे बारीक असूनही ती जाड्या गुलाबी सुईचं काम करते, असं कंपनी म्हणे. खरं की खोटं ते डॉक्टरांना ठरवायचं होतं. पेशंटची संमती घ्यायची, बंद पाकिटातली चिठ्ठी काढायची, चिठ्ठीत गुलाबी निघाली तर गुलाबी, नवी निळी निघाली तर नवी निळी. मग रजिस्टर भरायचं: कितव्या टोच्यात लागली, औषध नसेबाहेर सांडलं का, आणि शेवटच्या रकान्यात दुखणं, शून्य ते दहा.

या शेवटच्या रकान्याने मोठी गंमत केली. जयमाला विचारायची, "मावशी, किती दुखलं? काहीच नाही तं शून्य, जीव जाईन एवढं तं दहा." मावशी म्हणायची, "काही नाही वं माय, मुंगी चावल्यावानी." म्हणजे शून्य. पुढचे काका म्हणायचे, "दुखते काय त्याच्यात!" शून्य. बीबी गावच्या एका म्हाताऱ्याने तर "लिहा तुमच्या मनानं" म्हणून तो विषयच संपवला. सत्तर पेशंट झाले आणि रकाना शून्यांनी भरून गेला.

"सिस्टर, इथली माणसं काय लोखंडाची आहेत का हो?" डॉक्टर एकदा रजिस्टर चाळत म्हणाले. "गुलाबीलाही शून्य, नवीलाही शून्य. फरकच नाही म्हणजे."

जयमाला हसली. तिला ते प्रत्येक शून्य आपल्या हाताला मिळालेली शाबासकी वाटत होती.

खरं तर तिला कळायला हवं होतं. ती काही बाहेरची नव्हती, जवळच्याच हिवरा आश्रम गावची होती. आपल्याकडे भाजीत मीठ विसरलं तरी पाहुणा "लय झकास" म्हणून हात धुतो. वाढणारीचं मन मोडायचं नाही, ही इथली रीत. पण शाबासकी मिळत असली की माणूस ती उलटून पाहत नाही, आणि जयमालानेही पाहिली नाही.

या पेशंटांमध्ये जानेफळची रुख्मिणी होती. साठीला टेकलेली, नवऱ्याबरोबर भाजीपाला पिकवणारी. दर खेपेला पदराखालून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी काढून जयमालाच्या टेबलावर ठेवायची आणि "घरचा हाय" असं सांगायची. पण जानेफळात तिचं नाव होतं ते वेगळ्याच कामासाठी. बाळंतिणीच्या घरी जाऊन ती बाळांना नाहू घालायची. पाय पसरून बसायची, बाळ पायांवर घ्यायची, तेल चोळायची, आणि कितीही रडकं पोर तिच्या हाताखाली गप होऊन झोपी जायचं. तिने नाहू घातलेली पोरं आता मिशा ठेवून मोटारसायकली फिरवत होती आणि तिला पाहून गाडी थांबवत होती.

दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या स्तनात गाठ निघाली. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. तेव्हापासून उजव्या हाताला सूज आणि त्या हाताला सुई लावायची सक्त मनाई. राहिला डावा. डाव्याच्या नसा औषधांच्या सलाईनांनी एक एक करून गेल्या, आणि शेवटी कोपराच्या वळणात, गोंदलेल्या तुळशीवृंदावनाच्या खाली, एकच धड नस उरली. दर दोन-अडीच महिन्यांनी स्कॅन काढून औषध लागू पडतंय की बदलायचं ते ठरत होतं, आणि ते ठरणं त्या एका नसेवर होतं.

रुख्मिणी त्या हाताला जीव की प्राण जपायची. त्या हाताने घागर उचलायची नाही, भाजीची पाटी उचलायची नाही.

"काऊन एवढं जपता मावशी?" जयमालाने एकदा विचारलं.

"अर्पिताले दिवस गेले ना बाई," रुख्मिणी म्हणाली. अर्पिता तिची एकुलती एक लेक, बीबीला दिलेली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. "पौषात बाळंत होईन. साऱ्या गावाची लेकरं न्हाऊ घातली म्या. माह्या नातवाले दुसरं कोणी न्हाऊ घालन काय? उजवा तं कामातून गेला. हा एक हात तेवढा राहू दे. मंग देवाले करायचं ते करो." मग तिने हात पुढे केला. "तुह्याच भरोशावर हाय वं माय हा हात."

"मी हाय ना," जयमाला म्हणाली होती. ते ती मनापासून म्हणाली होती.

दिवाळी झाल्यावर रुख्मिणी चौथ्यांदा आली. बरोबर नवरा कडूबा, नेहमीसारखा फाइल छातीशी धरून भिंतीला लागून उभा. जयमालाने पाकीट फोडलं. चिठ्ठीत गुलाबी निघाली.

तिने हाताला पट्टा बांधला, तुळशीवरून बोट फिरवलं, आणि थांबली. नस होती, पण मागच्या वेळेइतकी भरलेली लागत नव्हती. ती उठून डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"सर, जानेफळच्या मावशींना गुलाबी निघाली. नस आज बारीक वाटते."

"आधीचं काय आहे?"

जयमालाने रजिस्टर उघडलं. "दोनदा गुलाबी, एकदा नवी. तिन्ही वेळा पहिल्याच टोच्यात. औषध सांडलं नाही. दुखणं शून्य, शून्य, शून्य."

"मग गुलाबीचा त्यांना त्रास नाही, असंच दिसतंय," डॉक्टर म्हणाले. "पण तुमचा हात नको म्हणत असेल तर त्यांना तुलनेतून बाहेर काढा आणि सरळ नवी लावा. चिठ्ठी पेशंटपेक्षा मोठी नाही. तुम्ही ठरवा."

असं म्हणाले ते. त्यांना बोल लावता येणार नाही. ठरवायचं जयमालाने होतं.

ती परत येऊन रुख्मिणीसमोर बसली. "मावशी, खरं सांगा बरं. मागच्या टायमाले ही गुलाबी सुई लावली होती, तं काही त्रास झाला होता काय?"

रुख्मिणीने तिच्याकडे पाहिलं. मग कडूबाकडे पाहिलं. कडूबा खाली पाहू लागला.

"नाही वं माय," रुख्मिणी म्हणाली. "तुह्या हातानं कायचा त्रास?"

जयमालाने गुलाबी सुईचं पाकीट फाडलं.

सुई पहिल्याच टोच्यात गेली. जयमालाने सलाईनचं पाणी सोडून पाहिलं, तेही सरळ गेलं. आत मशीनवाल्या प्रसेनजितने रुख्मिणीला टेबलावर निजवलं, डावा हात डोक्याच्या वर ठेवला आणि नेहमीचं बोलणं बोलला: "मावशी, बिलकूल हालायचं नाही. श्वास रोखा म्हटलं की रोखायचा. अंगात गरम वाटन, भ्यायचं नाही." जयमाला म्हणाली, "हातात जळजळ झाली तं आवाज द्या." औषध सुरू झालं. पहिले काही क्षण तिने नसेवर बोट ठेवलं, सगळं ठीक वाटलं, आणि ती काचेच्या पलीकडे आली.

पडद्यावर पहिला फोटो उमटला आणि प्रसेनजित खुर्चीवरून उठला. "सिस्टर, औषध गेलंच नाही वो अंगात!"

दोघं आत धावले. रुख्मिणीचा हात कोपरापासून दंडापर्यंत टम्म फुगला होता. कातडी ताणून गोंदलेली तुळस दुपटीने मोठी दिसत होती. सगळं औषध नस फुटून मांसात उतरलं होतं. रुख्मिणीने खालचा ओठ दातांत धरला होता, डोळ्यांतलं पाणी कानांत जात होतं, पण बाई टेबलावर तसूभर हलली नव्हती आणि तिने तोंडातून ब्र काढला नव्हता.

"आवाज काऊन नाही दिला मावशी?" जयमाला ओरडलीच.

"हालू नका म्हणलं ना त्यायनं."

"अवं पण जळलं तं सांगा म्हणलं होतं नं मी!"

"वाटलं, तुमचं काम खराब होईन."

डॉक्टर आले. सुई काढली, हात उंच ठेवून बर्फ लावला. कधी कधी असं होतं, काळजी घेतली तरी होतं, असं ते कडूबाला समजावत राहिले. कडूबा दर वाक्याला मान हलवत होता. दुपारभर जयमाला रुख्मिणीच्या उशाशी बसून राहिली. बर्फ वितळला की बदलायची. शेवटी प्रसेनजितने रजिस्टर आणून दिलं, कारण त्या दिवसाची ओळ भरायची राहिली होती. टोचे: एक. औषध सांडलं: हो. शेवटच्या रकान्यापाशी तिचं पेन अडलं आणि डोळे भरून आले.

रुख्मिणीने सुजलेल्या उजव्या हाताने तिचं मनगट घट्ट धरलं. "शून्य लिही वं माय," ती म्हणाली. "रडू नको. तू काय मुद्दाम केलं?"

आणि जयमालाने शून्य लिहिलं. सरकारी शाळेतल्या पोरीसारखं, सांगितलं ते लिहिलं. मनगटावर रुख्मिणीच्या बोटांचे वळ उमटले होते, ते दोन दिवस राहिले. जयमालाला वाटलं, किती माया लावते बाई.

त्या दिवशीचा स्कॅन वाया गेला. हाताला पुढे फोड आले, ते महिन्याभरात वाळले, पण नस दोरीसारखी कडक होऊन बंद झाली आणि बोटं नीट मिटेनात. डॉक्टरांनी सांगितलं, संभाजीनगरला जाऊन छातीत कायमची नळी बसवून घ्या, मग स्कॅन आणि औषध दोन्ही होईल. रुख्मिणी नाही म्हणाली. आता कुठे जायचं नाही, पौष जवळ आला. जयमालाने दोनदा फोन केला. दोन्ही वेळा कडूबा म्हणाला, "बरी हाय बाई. तुम्ही चिंता नोका करू."

माघात एका सकाळी कडूबा एकटाच आला. हातात सांबाराची जुडी होती. जयमालाला जे कळायचं ते जुडी त्याच्या हातात पाहूनच कळलं.

"नात झाली," तो म्हणाला. "पौषात. बारसं केलं, अन् त्याच्या आठव्या दिवशी हिनं डोळे मिटले. सांगून ठेवलं होतं तिनं. वाफ्यातली पहिली जुडी बाईले नेऊन देजा म्हणे."

जयमालाने त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं. तिला एकच विचारायचं होतं आणि तेच विचारायची भीती वाटत होती. तरी तिने विचारलं.

"न्हाऊ घातलं काय मावशीनं नातीले?"

कडूबा गळ्यातल्या उपरण्याचं टोक बोटांना गुंडाळत राहिला.

"बसली होती," तो म्हणाला. "पाय पसरून बसली. अर्पितानं पोरगी तिच्या पायावर ठेवली. पण हात उठेना. उजवा सुजेल, डावा लाकूड झाल्ता. बोटात तेलबी नाही धरल्या जाय. मंग म्या पाणी टाकलं. ती सांगे, आता मान धरा, आता पाठीवर टाका, आता कान झाका. माह्यासारख्या गड्यानं न्हाऊ घातलं वं बाई, अन् ती पाहत बसली."

जयमाला त्याच्या शेजारी बाकावर बसली.

"तुमचा दोष नाही," कडूबा घाईघाईने म्हणाला. तो दोष द्यायला आला नव्हता हे दिसतच होतं. "तिले दुखे तं पहिल्यापासूनच. ते गुलाबी सुई लावली का आठ आठ दिस हात वर नाही जाय. गाडीत बसली का रडे. एक बारी तुम्ही ते बारीक निळी लावली होती पाह्य, तवा घरी जाऊन म्हणे, आज काही वाटलंच नाही, असीच दर बारीले लावली तं बरं होईन."

"मंग सांगितलं काऊन नाही?" जयमाला म्हणाली. "मी विचारलं होतं दादा. तुमच्यासमोर विचारलं होतं. खरं सांगा म्हणलं होतं."

"म्या म्हणे तिले, सांग. तं ती म्हणे, ते बाई एवढ्या जिवानं करते, तिच्या तोंडावर दुखलं कसं म्हणू?" त्याने उपरण्याने तोंड पुसलं. "म्याबी नाही बोललो. मले बोलाले पाह्यजे होतं."

तो गेल्यावर जयमाला रजिस्टर घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली. कडूबा जे बोलला ते तिने जसंच्या तसं सांगितलं, मधे दोनदा थांबून.

"सर, यातली शून्यं खोटी आहेत," ती म्हणाली. "दोन सुयांमध्ये फरक आहे. लोकांना तो माहीत आहे. फक्त आपल्याला सांगत नाहीत."

डॉक्टर शरच्चंद्रांनी पानं उलटली. रुख्मिणीच्या चौथ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. "त्या दिवशीसुद्धा शून्य?"

"त्या म्हणाल्या. मी लिहिलं."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "एका घरची गोष्ट कळली, सिस्टर. बाकीच्यांची कशी कळायची? ते बोलणारच नसतील तर आपण काय पाहून लिहायचं?"

बाहेर पुढची पेशंट बसली होती म्हणून ती उठली.

पुढची पेशंट होती बीबीची जनकाबाई. काटकुळी म्हातारी, तोंडात दात नाहीत, हसरी. चिठ्ठीत गुलाबी निघाली. नस चांगली जाड होती, नाही म्हणायला कारण नव्हतं. तरी जयमालाने ती पुन्हा एकदा चाचपून पाहिली. तिने पट्टा बांधला, कापसाने जागा पुसली, आणि सुई आत घातली.

त्याच क्षणी जनकाबाईच्या मोकळ्या हाताची पाचही बोटं जयमालाच्या गुडघ्यात रुतली. इतकी, की जयमालाच्या तोंडून हाय निघता निघता राहिलं. म्हातारीच्या अंगात एवढं बळ असेल असं कोणाला वाटलं नसतं.

"दुखलं काय आजी?" जयमालाने विचारलं.

"नाही वं माय," जनकाबाई बोळकं पसरून हसली. "मुंगी चावल्यावानी." बोटं अजून गुडघ्यातच होती.

जयमाला त्या बोटांकडे पाहत राहिली. मग तिची नजर आपल्या मनगटावर गेली. तिथे आता काहीच नव्हतं. पण त्या दिवशी तिथे वळ होते, दोन दिवस होते, आणि ज्या हाताला तेलाची वाटीही धरवत नव्हती त्या हाताने ते उमटवले होते. रुख्मिणीने सांगितलं होतं. तोंडाने शून्य सांगितलं होतं आणि हाताने सगळं सांगितलं होतं, आणि जयमालाने, नसा बोटांनी वाचणाऱ्या जयमालाने, त्याला माया समजून पदराखाली झाकून घेतलं होतं. तिला तिथेच बसल्या बसल्या रडू आलं, आणि या वेळी तिने ते आवरलं नाही.

"काय झालं वं बाई?" जनकाबाई घाबरली. "खरंच नाही दुखलं."

"हाव आजी," जयमाला म्हणाली. "माहीत हाय मले."

तिने जनकाबाईचा हात गुडघ्यावरून काढला नाही, आपला हात त्यावर ठेवला. दुसऱ्या हाताने रजिस्टर ओढलं आणि जनकाबाईच्या शेवटच्या रकान्यात आठ लिहिले. मग पानं मागे उलटत दिवाळीनंतरच्या त्या ओळीपाशी आली. तिथलं शून्य आडव्या रेघेने खोडलं, शेजारी दहा लिहिले, आणि चूक दुरुस्त करताना करतात तशी खाली आपली सही केली.